वरच्या फळीवरची एकवीस टोकं

१

मी मढी सजवते. नवरा होता तेव्हा तो पेट्या करायचा आणि मी केस विंचरायचे. आता दोन्ही माझ्याच गळ्यात आहे. जिल्ह्याचा डॉक्टर साठ मैलांवर बसतो. बर्फ पडलं की तो फोनवरच विचारतो, "एल्मा, काय दिसतंय?" आणि मी सांगेन त्याखाली सही करतो. त्यामुळे स्टॅम्प क्रीकमध्ये कोण कशाने मेलं, हे ठरवायचं बिनपगारी कामही माझंच.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी उर्हो कांगासचा फोन आला.

"आयली सौनात आहे," तो म्हणाला.

"मग येईल की बाहेर."

त्याने फोन ठेवून दिला, तेव्हा मी बूट चढवले.

आयली पेल्टो ही उर्होची सख्खी धाकटी बहीण. विधवा, पोरंबाळं नाहीत, घरामागे कोंबड्या. सौनाचं, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या खोलीचं, दार नुसतं लोटलेलं होतं. आत ती खालच्या फळीवर भिंतीला टेकून बसली होती, अंगात स्वेटर, पाय उघडे, हात गुडघ्यांवर. शेगडीत बर्चची साल आणि काटक्या नीट रचलेल्या होत्या, काड्यापेटी हाताशी होती आणि एकही काडी ओढलेली नव्हती. असं गोठलेलं अंग मी ह्याआधी एकदाच सजवलं होतं.

वरच्या फळीवर, जिथे आपण वाफ घ्यायला बसतो, तिथे पेस्टीची टोकं ओळीने मांडली होती. पेस्टी म्हणजे हाताएवढी करंजी, आत मांस-बटाटा. ट्रेझोनाच्या शेगड्यांच्या कारखान्यात, जिथे उर्हो आणि पूर्वी आयलीही कामाला, दर शुक्रवारी प्रत्येकाला एक मिळते आणि ज्याची त्याला कळावी म्हणून टोकावर कणकेची नावाची अक्षरं चिकटवलेली असतात. ते टोक कोणी खात नाही. जुन्या खाणीत खालच्या भुतांसाठी ते टाकून द्यायचे. खाण बंद पडली तरी टोक खायची कोणाची छाती होत नाही. आयली ती बादलीत गोळा करून कोंबड्यांना न्यायची.

ही मात्र कोंबड्यांना दिलेली नव्हती. मी मोजली, एकवीस. ओळीच्या अगदी सुरुवातीला एक जागा रिकामी होती आणि तिथे थोडा चुरा पडला होता. आणखी दोन टोकं खाली, तिच्या मांडीजवळ होती. एक तिचं स्वतःचं, ए. पी. दुसरं जुनं, काळं पडलेलं, दगडासारखं. त्यावर टी. एन. अशी अक्षरं होती आणि ती तिच्याकडे तोंड करून ठेवली होती.

"कोंबड्यांची असतील," असं म्हणत उर्होने वरची टोकं ओंजळीत लोटायला सुरुवात केली.

मी त्याच्या मनगटावर चापट मारली. "बहीण मेलीय आणि तुला केर काढायचं सुचतंय?"

त्याने हात मागे घेतला. खिडकीतून बर्फाचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता आणि त्याचा रंग मला बरा वाटला नाही. मला वाटलं, दुःखाने असेल.

"पेटी साधीच दे," तो म्हणाला. "ताउनोला दिली होतीस तसली."

२

आयली कशाने मेली हे तसं गावाला ठाऊक होतं. छातीतली गाठ काढली होती, पुढची औषधं अर्धी झाली होती. शरद ऋतूत ट्रेझोनाने तिला कामावरून काढलं, त्यासरशी कारखान्याचा आरोग्य विमा गेला आणि औषधं थांबली. नवा विमा घ्यावा तर ते म्हणे जुन्या दुखण्याला सहा महिने हात लावणार नाहीत. गाठ काही सहा महिने थांबायला तयार नव्हती.

म्हणजे थंडीने नेली नसती तर गाठीने नेलीच असती. डॉक्टरला तेवढं सांगून मी मोकळी झाले असते. पण ती टोकं माझ्या ओट्यावर ताटात पडली होती आणि आयलीचे केस विंचरताना माझं लक्ष सारखं तिकडेच जात होतं.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी असते. किती जणांची निसू, म्हणजे आमचा वेलदोड्याचा गोड पाव, भाजायची, म्हणून मी कारखान्यातल्यांना गाठून विचारायला लागले. पहिला भेटला तो भट्टीवरचा वाल्फ्रिड.

"कारखान्यातले किती येणार रे?"

"अठरा," तो म्हणाला. "वीस कधीच नव्हतो आम्ही."

मी निसूचं विचारत होते. मला वाटलं, ह्याची जीभ घसरली. मग पत्रा कापणारा ओर्व्हो भेटला.

"अठरा. वीस कधीच नव्हतो."

मग लेम्पी. ती सकाळी अर्धा दिवस बांधणीच्या टेबलावर असते. तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. "अठरा गं. वीस कधी नव्हतोच."

"त्यात तुला धरलंय का?"

"मी? नाही. आम्ही चौघी अर्ध्या दिवसाच्या. आम्हाला कोण मोजतंय!"

"मग निसू खाणार नाही का चौघी?"

लेम्पी एकदम रडायला लागली. निसूसाठी रडणारी बाई मी आजवर पाहिलेली नाही. आपल्यात म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं. इथे तर अख्ख्या कारखान्यात पौर्णिमा होती. मी कोणालाही वीस विचारलेले नव्हते. मग हा वीसचा आकडा ह्यांच्या तोंडात घातला कोणी?

३

रसेल ट्रेझोनाच्या टेबलावर आजोबांची खाणीतली टोपी आहे आणि तोंडात नेहमी 'माझं कुटुंब' आहे. कुटुंब म्हणजे कामगार. शेजारी त्याची हिशेबनीस मिस पेनहेल पेन्सिलीला टोक करत बसली होती.

"आयलीचं फार वाईट झालं, मिसेस वुओरी," तो म्हणाला. "माझ्या हातात असतं तर..."

"काय नव्हतं तुमच्या हातात?"

"कायदा. नोकरी सुटली तरी माणसाला हप्ता स्वतःच्या खिशातून भरून दीड वर्ष कंपनीचाच विमा चालू ठेवता येतो. चांगला कायदा आहे. पण तो वीस आणि वीसच्या वर माणसं असलेल्या मालकांना. त्याहून लहानांना वॉशिंग्टनने सोडलंय, आणि आपल्या मिशिगनने लहानांसाठी काहीच केलेलं नाही. आम्ही अठरा. मी काय करणार?"

"हप्ता ती भरणार होती?"

"हो, म्हणत होती. गाय विकते म्हणाली. गाय कुठली तिच्याकडे, कोंबड्या होत्या." तो हसला आणि मग मयताच्या घरचं माणूस समोर आहे असं वाटून थांबला.

"मग तुमचं काय जात होतं?"

उत्तर मिस पेनहेलने दिलं. "लहान गट असला की एक महागडा रोगी सगळ्यांना चढतो, मिसेस वुओरी. विमावाल्यांनी स्पष्ट कळवलं होतं, ती बाई राहिली तर सगळ्यांचा हप्ता दुप्पट, नाहीतर दुसरीकडे बघा. एकीसाठी बाकीच्यांच्या लेकराबाळांना उघड्यावर टाकायचं?"

"आणि अर्ध्या दिवसाच्या चौघी?"

पेन्सिलीचं टोक मोडलं.

"त्या धरायच्या नसतात," ट्रेझोना म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे."

काखा वर करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मेलेल्याची काख तरी हळूच खाली बसवता येते. निघताना मी सहज विचारलं, "टी. एन. नावाचं कोण आहे हो तुमच्याकडे?"

"कोणी नाही," ट्रेझोना म्हणाला. ते खरं होतं, म्हणून तो पटकन बोलला. मिस पेनहेलने मात्र पेन्सिल खाली ठेवली.

४

आयडा रोझवॉर्नची बेकरी चर्चच्या उतारावर आहे. कारखान्याच्या पेस्ट्या चाळीस वर्षं तीच करते.

"शुक्रवारी किती पाठवतेस गं?"

"बावीस. आयलीच्या जागी नवा पोरगा आला म्हणून आकडा तोच. गेलं सगळं वर्ष बावीस, त्याच्या मागची चारही बावीस. अर्ध्या दिवसाच्या बायकांनाही देतो हो ट्रेझोना, तेवढा दिलदार आहे."

"आणि बावीस जणांची अक्षरं लावतेस? बोटं दुखत नाहीत?"

आयडाने पीठ चाळायचं थांबवलं. "लावायचे. आता बंद झालं. आयलीला कामावरून काढलं त्याच्या पुढच्याच शुक्रवारी उर्हो आला नि म्हणाला, इथून पुढे बिनअक्षरी पाठव. मी म्हटलं, अरे, भांडाल, ओर्व्होला कांदा चालत नाही. तर म्हणाला, चालेल त्याला."

घरी येऊन मी कामगार खात्याच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या बाईने जांभई देत सांगितलं: मालकाच्या कामाचे दिवस मोजायचे, मागच्या सालातले. त्यातल्या निम्म्याहून जास्त दिवशी वीस किंवा जास्त माणसं कामावर असतील, तर कायदा लागू. अर्ध्या दिवसाचं माणूसही माणूसच, एक धरायचं.

बावीस, आणि वर्षभर. म्हणजे आयलीचा विमा कायद्याने चालू राहायला हवा होता. औषधं पुरी झाली असती. जगली असती की नाही हे देव जाणे, पण निदान औषध घेऊन हरली असती.

एवढं कळलं तरी मला चैन पडेना. ट्रेझोनाला खोटं बोलायला कारण होतं, ते उघडच होतं. पण अक्षरं बंद करा असं सांगायला मालक आला नव्हता, हिशेबनीस आली नव्हती. तिचा सख्खा भाऊ आला होता. अक्षरं मोजली जातील ही भीती ज्याला वाटली, त्याला आकडा ठाऊक होता. आणि स्वतः आयलीचं काय? चाळीस पावलांच्या शेडमध्ये बावीस माणसांत रोज वावरणारी बाई 'तुम्ही अठरा आहात' हे ऐकून घेते आणि चकार शब्द काढत नाही?

५

दफनाच्या आदल्या दुपारी उर्हो बहिणीला बघायला आला. मी पेटीच्या कडेवर ती एकवीस टोकं मांडून ठेवली होती, सौनात होती तशीच. पहिली जागा रिकामी.

तो दारातच थबकला.

"ये ना," मी म्हटलं. "तुझं तिसरं आहे बघ. यू. के."

"एल्मा, फेकून दे ते."

"अठरा म्हणायचं कोणी ठरवलं, उर्हो? मालकाने?"

"मालक बाहेर गाडीत बसला होता." तो खुर्चीवर कोसळल्यासारखा बसला. "तिचा शेवटचा शुक्रवार. पेनहेलबाई जेवणाच्या खोलीत आली. म्हणाली, बायका धरल्या तर बावीस, नाही धरल्या तर अठरा. कायदा वीसचा. बावीस म्हटलं तर हप्ता दुप्पट, नाहीतर विमाच बंद. कोणी विचारलं तर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. अठरा म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

"किती झाले?"

"एकवीस."

"आणि बाविसावी कुठे होती?"

"समोर. पेस्टी खात होती."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, खरंच सांगते, आणि मधे आयली नसती तर मारलीही असती.

"माझ्या घरी तिघं आहेत, एल्मा. वाल्फ्रिडच्या पोराला फिट येतात. लेम्पीचा नवरा इथेच पूर्ण दिवस कामाला आहे, त्याच्यामुळे तिला विमा. एकटा मी हात खाली ठेवून काय होणार होतं?"

"मग अळीमिळी गुपचिळी, आणि तू जाऊन अक्षरंही पुसून आलास. ती काय म्हणाली?"

"काही नाही. सगळ्यांची टोकं गोळा केली, बादली उचलली आणि 'येते' म्हणाली."

"का नाही बोलली? एक फोन केला असता तर ट्रेझोनाची पाचावर धारण बसली असती. मला आज लागला तेवढाच वेळ तिला लागला असता."

उर्हो बहिणीच्या तोंडाकडे बघत बसला. मी ते काळं टोक उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. टी. एन.

"ताउनो निएमी," मी म्हटलं. "लेथवरचा. फुप्फुसं गेली होती त्याची. तीन वर्षांपूर्वी ह्याच टेबलावर होता. औषधासाठी सरपण विकून बसला होता बिचारा. घरात चूल गार, अंग इतकं गोठलेलं की कोट घालायला मला दिवसभर थांबावं लागलं. तूच परवा म्हणालास, त्याला दिली होतीस तसली पेटी दे. तेव्हाही तुम्ही बावीस होता, आयडा सांगते. त्यालाही अठराच सांगितलं होतं ना?"

"हो."

"तेव्हाही हात वर केले होते?"

"हो."

"मग आता ही रांग बघ. ज्या क्रमाने हात वर जातात त्याच क्रमाने तिने टोकं लावलीत. तुझं तिसरं आलं तेव्हा तू दचकलास. पहिल्या जागी चुरा आहे. म्हणजे तिथेही एक टोक होतं. ते तिने उचललं आणि खाली ताउनोसमोर नेऊन ठेवलं. ते तिचं स्वतःचं. पण तुमच्या मतदानात तिने हात वर केलाच नव्हता, मग ती रांगेत आली कशी? ही रांग तिच्या वेळची नाहीच, उर्हो. ताउनोच्या वेळची आहे, शेवटी त्याच्या जागी आलेल्या माणसाचं तेवढं जोडलेलं. पहिला हात कोणाचा होता?"

त्याने ते काळं टोक मुठीत घेतलं.

"ताउनो बिचारा सगळ्यांकडे बघत होता," तो म्हणाला. "कोणाचा हात वर जाईना. आयली तेव्हा ठणठणीत होती. म्हणाली, अरे, एका म्हाताऱ्यासाठी सगळे बुडणार का? आणि केला वर. मग दुसरा वाल्फ्रिडने, तिसरा मी. तिने सुरुवात केली नसती तर कदाचित..."

म्हणून ती बोलली नव्हती. कायदा तिच्या बाजूचा होता. तोंड मात्र उघडता येत नव्हतं. उघडलं असतं तर पहिला प्रश्न ताउनोचा आला असता. शेवटी तिने स्वतःलाच खालच्या फळीवर बसवलं, त्याचं टोक समोर ठेवलं आणि काडी ओढली नाही. त्याला मिळाली नव्हती ती ऊब तिने स्वतःलाही दिली नाही.

उर्हो उठला. दिव्याखाली त्याचं तोंड नीट दिसलं आणि ह्या वेळी मी फसले नाही. मेलेल्यांचे रंग मला पाठ आहेत. डोळ्यांच्या कडा पिवळ्या, मानेभोवती कॉलर सैल.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्याने कॉलर वर ओढली. "कारखान्यात बोलू नकोस, एल्मा. पाया पडतो तुझ्या."

६

मी बोलले. मला वाटलं, ह्याला वाचवायचा हाच एक रस्ता आहे: बावीस हा आकडा कागदावर चढला की पुढच्या माणसाला अठरा सांगता येणार नाही, आणि पुढचा माणूस माझ्यासमोर उभा होता. मी खात्याला सगळं कळवलं. एप्रिलमध्ये माणूस आला, आयडाशी बोलला, कॉफी प्याला. ट्रेझोनाने दंड भरला आणि चर्चमध्ये माझ्याशी हात मिळवला. "बरं झालं, मिसेस वुओरी," म्हणाला. "आता सगळं कायद्याने करू."

त्याने शब्द पाळला. त्याच आठवड्यात चारही अर्ध्या दिवसाच्या बायकांना काढलं. लेम्पी माझ्या दारात येऊन थुंकली. "मेलेल्यांचं बघ तू," म्हणाली. "जिवंतांत लुडबुड करू नकोस."

उरले अठरा. मेपासून डिसेंबरपर्यंत रोज अठरा. मी खुळी, तेव्हाही मला उमगलं नाही. ते उमगलं जानेवारीत, नवं साल लागलं तेव्हा: मागच्या सालातले निम्म्याहून जास्त दिवस वीसच्या आत. कायदा आता ट्रेझोनाला लागू नव्हता, अगदी प्रामाणिकपणे लागू नव्हता.

फेब्रुवारीत विमावाल्यांनी उर्होच्या यकृताचे कागद पाहिले आणि पुन्हा तेच कळवलं. ह्या वेळी हात वर करायला कोणाला सांगावं लागलं नाही. कामावरून काढल्याचं पत्र मिस पेनहेलने त्याच्या घरी नेऊन दिलं, सोबत एक पेस्टी. आयडाने अक्षरं पुन्हा लावायला सुरुवात केली होती. लपवायचं काही राहिलं नव्हतं.

जूनमध्ये मी त्याचे केस विंचरले. पेटी साधीच दिली, त्याने सांगून ठेवली होती. आणि निसू भाजायची म्हणून पुन्हा कारखान्यातल्यांना विचारत फिरले.

"किती येणार रे?"

"सतरा," वाल्फ्रिड म्हणाला.

"सतरा," ओर्व्हो म्हणाला.

मी दारात उभी राहून मोजले. सतराच होते.